चौथा प्रयत्न, एक यार्ड

मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तो. माझ्या मागे लांबलचक वायर आहे आणि हल्लीच्या बिनवायरच्या कंट्रोलरांना तिचे फार हसू येते. येऊ द्या. त्यांची बॅटरी ऐन वेळी मान टाकते, माझे तसे काही नाही. गडी पळवायला अंगठ्याने फिरवतात ती माझी डावी कांडी जरा एका बाजूला ओढते, बटणांवरची अक्षरे पुसली आहेत आणि एका बटणाच्या फटीत कधीचे तरी चीज वाळून बसले आहे. ही व्यंगे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नावे ठेवायला नकोत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. एका बाईने माझी सगळी बटणे दाबून पाहिली, मान हलवली आणि मला खोक्यात घातले. ते खोके उघडले ते थेट पेनसिल्व्हेनियातल्या मॅकग्रॅन गावात, नाताळच्या सकाळी. उघडणारा होता एमिल डुबोस्की, आणि मला आणले होते त्याच्या बायकोने, लोरेटाने. माझ्याबरोबर माझ्यासारखाच एक जोडीदार आणि फुटबॉलचा एक गेम होता.

मित्रांनो, इथला फुटबॉल लाथाडत न्यायचा नसतो. इथला चेंडू लांबट. तो फेकायचा, झेलायचा, नाहीतर छातीशी धरून पळायचे; समोरच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की गुण. दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फसले, की शहाणा कोच चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने दूर उडवून देतो, म्हणजे समोरच्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. एवढे कळले की माझी गोष्ट कळेल.

एमिल शाळेच्या संघात सेंटर होता. सेंटरने वाकून चेंडू आपल्या पायांमधून मागे द्यायचा आणि लगेच समोरचा धिप्पाड गडी छातीवर घ्यायचा. मागे तो चेंडू घेऊन पुढे फेकायला उभा असे क्वार्टरबॅक लेरॉय गेन्स, तेव्हाही शेजारी आणि आताही शेजारी. गावच्या पेपरात फोटो यायचे ते लेरॉयचे. एमिलचा एकदाच आला, तोही पाठमोरा. लोरेटाने तो चौकटीत घालून तळघरात टीव्हीच्या वर लावला आहे आणि पाहुण्यांना ती आवर्जून सांगते, की हा नवरा तिने चेहरा पाहून केलेला नाही.

मी येण्याआधी एमिलने पुतण्याकडे फुटबॉलचा कुठलासा गेम खेळून पाहिला होता. त्यात गडी एकमेकांच्या डोक्यांवरून उड्या मारत आणि ज्याच्या हाती चेंडू तो थेट शेवटच्या रेषेपर्यंत पळत सुटे. एमिलने तो पाच मिनिटांत परत दिला. आमचा गेम तसा नव्हता. आमच्यात भरधाव पळणारा गडी एकदम वळायला गेला की घसरून पडे. पाऊस असला की चेंडू हातातून निसटे. दमलेला गडी दमल्यासारखाच पळे. एकच डाव पुन्हा पुन्हा खेळलात तर समोरचे शहाणे होऊन आधीच वाट अडवून उभे राहत. आणि मुख्य म्हणजे पुढच्या फळीतल्या जाड्या गड्यांनी नीट अडवले, तरच क्वार्टरबॅकला श्वास घ्यायला वेळ मिळे. एमिल चेंडूकडे पाहतच नसे. तो पडद्यावरच्या सेंटरकडे पाही; सेंटर लेरॉयच्या संघातला असला तरी त्याला तो आपलाच माणूस वाटे.

"बघ, बघ लेरॉय! माझ्या माणसानं कसा धरून ठेवलाय त्याला!"

"तुझा माणूस? अरे मी साठ यार्डांचा पास टाकला, तो नाही दिसला?"

"मी धरला म्हणून टाकलास. नाहीतर आडवा झाला असतास, शाळेत व्हायचास तसा."

"शाळेत मी आडवा व्हायचो ते तुझ्यामुळेच, लेका!"

दर रविवारी चर्चहून आल्यावर हे चाले. लोरेटा वरून कोबी घातलेल्या नूडल्सचे भांडे आणून ठेवी आणि दोघांकडे पाहून कपाळाला हात लावी. या तळघराचे स्वतःचे कायदे होते, गेममध्ये कुठेही न लिहिलेले. खरा कोच जे करणार नाही ते करायचे नाही. आपल्या अर्ध्या मैदानात चौथा प्रयत्न आला की मुकाट्याने चेंडू उडवून द्यायचा. अगदी शेवटी पिछाडीवर असलात तरच धाडस करायचे. फसलेल्या डावाबद्दल मला किंवा माझ्या जोडीदाराला दोष द्यायचा नाही. आणि हिवाळ्यात जो हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या दारातला बर्फ काढायचा. या शेवटच्या कायद्यामुळे दोघेही जिवावर उदार होऊन खेळत. माझ्या कांडीवरचे रबर झिजले ते त्या दिवसांत. झिजण्यात इतके सुख असते हे कारखान्यातल्या त्या बाईने मला सांगितले नव्हते.

मग एमिलला अर्धांगाचा झटका आला. तो वाचला, चालूही लागला, पण उजव्या हाताची बोटे ऐकेनात. लोरेटा घाबरली होती. डॉक्टरांनी त्रागा नको, आरडाओरडा नको म्हटले होते आणि या घरात आरडाओरडा होई तो माझ्यापायी. तिने मला नाताळच्या दिव्यांच्या माळांबरोबर एका खोक्यात घालून जिन्याखाली सरकवले. मला तिचा राग आला. खोटे कशाला बोलू? आजही थोडा आहे. माणूस आजारी पडला तर त्याची आवडती वस्तू का लपवायची?

एमिलने मला शोधून काढले. एका हाताने खोकी उपसत, माळांचा गुंता ओढत, शिव्या देत. त्याने मला मांडीवर ठेवले, उजवा अंगठा बटणावर नेला आणि वाट पाहिली. अंगठा उशिरा खाली आला. तोवर पडद्यावरचा क्वार्टरबॅक जमीनदोस्त झाला होता. त्याने पुन्हा केले. पुन्हा तेच. आवाज ऐकून लोरेटा खाली आली.

"एमिल, निदान सोपं तरी करून घे. त्या गेममध्ये सोपी पातळी असते ना?"

"असते. लहान मुलांसाठी."

"आणि तू कोण मोठा लागून गेलास?"

"मी सेंटर आहे."

दुसऱ्या दिवशी लोरेटाने सायकलच्या मुठीला गुंडाळतात ती जाड पट्टी आणली आणि माझ्या उजव्या बाजूला घट्ट गुंडाळली, म्हणजे मी त्याच्या हातातून घसरणार नाही. त्या पट्टीत मी ध्यान दिसतो. पण तेव्हापासून तिच्यावरचा माझा राग निम्म्यावर आला.

एमिलने गेममधली बटणांची कामे बदलून घेतली. जी कामे उजव्या अंगठ्याची होती त्यांतली बरीच त्याने डाव्या बोटांवर टाकली. रोज सकाळी व्यायाम शिकवणारी बाई येऊन गेली की तो खाली येई आणि मला गुडघ्यांमध्ये पकडून सराव करी. गेम त्याला रतीभरही सूट देत नसे. बोट चुकले की चेंडू गेला. एमिलला तेच हवे होते. घरात सगळे जण त्याला "छान, छान" म्हणत. चमचा तोंडापर्यंत नेला तरी टाळ्या वाजवत. त्याला खोटे छान न म्हणणारी घरात एकच गोष्ट होती, आणि ती तळघरातल्या टीव्हीत होती.

पहिला बर्फ पडला आणि रविवारचे सामने पुन्हा सुरू झाले. एमिल जिंकला. पुढच्या रविवारीही जिंकला. लेरॉय हरे, डोके धरून बसे आणि मग फावडे घेऊन एमिलच्या दारातला बर्फ काढायला जाई. आमच्या तळघराला जमिनीलगत एक अरुंद खिडकी आहे. तिच्यातून मला त्याचे बूट आणि फावड्याचे पाते दिसे. एमिल खुशीत शीळ घाली. मला मात्र शंका येत होती, कारण त्याची बोटे किती उशिरा पडतात ते माझ्याइतके कुणाला ठाऊक होते? ही जिंकायची बोटे नव्हती. अजून नव्हती.

एका रविवारी शेवटची काही सेकंदे उरली होती. एमिल तीन गुणांनी मागे होता आणि शेवटची रेषा समोर दिसत होती. चौथा प्रयत्न, आणि हवा होता फक्त एक यार्ड. अशा वेळी अडवणारा संघ काय करतो हे इथले शेंबडे पोरही सांगेल: सगळी माणसे पुढे आणून मधोमध भिंत उभी करतो. लेरॉयने डाव निवडला. पडद्यावर त्याचे गडी पसरत पसरत पार मागे जाऊन उभे राहिले आणि मधली वाट सताड उघडी पडली.

एमिलने गेम थांबवला.

"हे काय आहे?"

"काय काय आहे? खेळ की."

"एक यार्डासाठी माणसं मागे? लेरॉय, तू क्वार्टरबॅक होतास. अख्ख्या पेनसिल्व्हेनियात असा एक कोच दाखव मला."

"चुकून दाबलं गेलं."

"मागच्या रविवारीही चुकून? त्याच्या मागच्या?"

लेरॉयने माझ्या जोडीदाराला टेबलावर ठेवले. वर लोरेटाच्या पावलांचा आवाज थांबला.

"मग काय करू?" लेरॉय म्हणाला. "तुझ्या दारात बर्फ साचतोय. लोरेटा घसरून पडली तर? मी नुसता फावडं घेऊन आलो असतो तर तू मला हाकलला असतास."

"हाकललाच असता!"

"म्हणून हरलो! तळघराचा कायदा तूच केलास ना? कायद्यानं आलो."

मला वाटले, आता एमिलचा रक्तदाब चढणार आणि मी पुन्हा माळांच्या खोक्यात जाणार. एमिलचा चेहरा लाल झाला होता. पण तो ओरडला नाही.

"मला आजारी म्हणून वागवायला डॉक्टर आहेत," तो म्हणाला. "लोरेटा आहे. चर्चमधल्या सगळ्या बायका आहेत, रोज एकेकीचं सूप येतं. या घरात फक्त इथं खाली मी आजारी नव्हतो. तेही तू घेतलंस."

लेरॉयने माझ्या जोडीदाराला पुन्हा हातात घेतले. मग म्हणाला, "तुला धुऊन काढीन मी. खरं खेळलो तर."

"काढ."

"रडशील."

"तू काढ तर खरं!"

आणि मित्रांनो, त्याने खरेच धुऊन काढले. त्याच दुपारी पहिल्यापासून नवा सामना मांडला आणि पहिल्या अर्ध्यात एमिलची दाणादाण उडाली. लेरॉय त्याला चिडवत होता, टेबलावर मुठी आपटत होता. एमिलने दात-ओठ खाल्ले. त्याच्या डाव्या हाताला घाम सुटला होता आणि लोरेटाची पट्टी ओली झाली होती. माझी डावी कांडी जीव खाऊन सरळ राहायचा प्रयत्न करत होती. इतके मी कधी कुणासाठी केले नव्हते. दुसऱ्या अर्ध्यात एमिल सावरला. उजवी बोटे उशिरा पडतात ना, मग त्याने चटकन फेकायचे डाव सोडून दिले आणि आपल्या जाड्यांच्या मागून यार्डा-यार्डाने पुढे सरकणारे डाव धरले. तीन पावले, चार पावले. लेरॉयची चिडवाचिडवी बंद झाली. तो पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसला.

शेवटी पुन्हा तेच आले. पुन्हा मागे तो एमिलच, पुन्हा चौथा प्रयत्न, आणि एकच यार्ड. या वेळी लेरॉयने आपली सगळी माणसे मधोमध उभी केली. एमिल हसला. त्याला बाजूने जाता आले असते. तो गेला नाही. तो सेंटरच्या मागून, सरळ भिंतीत घुसला.

पडद्यावर गड्यांचा ढीग झाला. ढीग उपसला तेव्हा चेंडू रेषेच्या अलीकडे होता. जेमतेम वीतभर.

लेरॉय किंचाळला. दोन्ही हात वर करून, पोट हलवत, चार पोरांचा बाप असून तळघरभर नाचला. मग त्याने एमिलकडे पाहिले आणि तो मधेच थांबला.

एमिल हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत. झटक्यानंतर मी त्याला असे हसताना पाहिले नव्हते.

"फावडं कुठाय?" तो म्हणाला.

"एमिल!" लोरेटा जिन्यावरून ओरडली. "वेड लागलंय का? एका हातानं?"

"बोटभर तर पडलाय. आणि डॉक्टरांनी चाला म्हटलंय ना? चालतोय."

"लेरॉय, सांग ना त्याला!"

लेरॉयने एकदा लोरेटाकडे पाहिले, एकदा एमिलकडे. "कायदा आहे, लोरेटा," तो म्हणाला. "मी सोबत उभा राहतो."

त्याच खिडकीतून मला पलीकडचे लेरॉयचे दारही दिसते. एमिलने फावड्याचा दांडा काखेत धरला होता. तो थोडे ढकली, थांबे, श्वास घेई आणि पुन्हा ढकली. वाट वेडीवाकडी होत होती. लेरॉय कोटाच्या खिशात हात खुपसून शेजारी उभा होता. त्याचे हात बाहेर यायला किती धडपडत असतील ते मला इथून कळत होते. त्याने ते बाहेर काढले नाहीत.

"ए एमिल, कडेचा राहिला बघ!"

"दिसतोय! तू तुझं तोंड बघ."

मित्रांनो, आम्हा वस्तूंच्या गोष्टी संपतात त्या आम्हाला पुसा, जपा, फेकू नका असे विनवून. मीही विनवतो, त्या फटीतले चीज कुणी काढले तर उपकार होतील. पण तुमच्या घरी कुणी दुखण्यातून उठून पुन्हा खेळायला बसले, तर त्याला आयता डाव देऊ नका. त्याच्यासमोर आपली सगळी माणसे उभी करा. पुढच्या रविवारी एमिल जिंकावा अशी माझी फार इच्छा आहे, आणि लेरॉयने त्याला एक यार्डही फुकट देऊ नये अशीही आहे.