आफशीन कोणत्या पानावर मरते

"हाई कोन शे रे?" नईमाने दोऱ्याचे टोक दातात धरूनच विचारले.

"आफशीन शे, अम्मी," फुरकान म्हणाला.

नईमाच्या हातातले दाभण गादीतच अडकून राहिले. शहाद्यातले त्यांचे पिंजाऱ्याचे दुकान. दुपारच्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. मुलाने स्वतः काढून पुढे धरलेल्या चित्रकथेच्या पहिल्या कागदावर एक मुलगी उभी होती. डोळे बशीएवढे, कंबर मुठीत मावेल अशी, गालावर एक टपोरा अश्रू. चौथ्या पानावर ती मरत होती. मरताना भावाला सांगत होती, 'तू जिंक.' मग भावाच्या अंगात आग संचारायची आणि पुढची सगळी कथा त्याची.

कॉलेजातल्या फुरकानला या जपानी चित्रकथांचे वेड लावले ते थोरल्या बहिणीने, आफशीननेच. एका मोबाइलवर दोघे डोकी भिडवून बसत आणि आफशीनची टकळी चालू असे. "देख, आते हाई मरी जाई," ती पैज लावी आणि जिंके. "इले दुसरं काम नही का? नुसती वाट देखस, रडस, नि मरस. भाऊले राग येवाले पाहिजे म्हनीसन!"

असल्या बाहुल्यांची जिने हसून हसून पिसे काढली, तीच आता बाहुली होऊन कागदावर रडत होती. पिंजण यंत्रामागे कोणीतरी नाक मुरडल्यासारखे नईमाला वाटले.

"हाई ती नही," ती म्हणाली. "कोनले दखाडू नको."

"आजच मोबाइलवर टाकनं शे, अम्मी. दोस्त वाट देखी ऱ्हायनात." फुरकान हिरमुसला. "मंग तू सांग ना, कशी व्हती ती?"

"बहु गुनी व्हती. कधी उलटं बोलनी नही."

बोलून गेली आणि नईमाला ते शब्द आपले वाटेनात. दोन वर्षांपूर्वी पोर तापाने गेली, तेव्हापासून मोहल्ला हेच बोलत होता. गेलेल्याचे वाईट बोलू नये, ही रीत. जो येई तो एक गुण वाढवून जाई. सालस, सोशिक, गरीब गाय. आफशीन आणि गरीब गाय! रीत पाळता पाळता आईनेच लेकीला घासून गुळगुळीत केले होते, फुरकानने नुसते ते चितारले. म्हणूनच की काय, स्वप्नात आफशीन यायची तेव्हा तिला चेहरा नसायचा.

कापूस दबून दगड झाला की खोळ उसवावीच लागते. नईमाने दार लोटून घेतले, ओढणी डोक्यावर ओढली, तौबा म्हटली आणि सुरू झाली.

"खोटं बोले. मन्ही कातर लपाडे नि नाव तुन्हं सांगे. टाका इतला वाकडा घाले की गिऱ्हाईक गादी परत आने. नळवर वत्सलाबाईसंगे भांडनी, तिन्ही घागर फोडी टाकी. तुन्हा कानले चावनी व्हती, याद शे?"

फुरकानने कान चाचपला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

"नि दवाखानामा?" त्याने हळूच विचारले. "शेवटले काय बोलनी?"

"तू जिंक नही बोलनी. 'सलाईन काढा, माले भजा पाहिजेत,' बोलनी. नर्सले शिवी दिधी."

नईमाला हुंदका फुटला. दोन वर्षे ती एका गुणी पोरीसाठी रडत आली होती. आज आफशीनसाठी रडली.

ऊन कलेपर्यंत फुरकानचे खोडरबर घासत होते. मग त्याने कागद पुढे केला. भुवया जुळलेल्या, केस विस्कटलेले, हातात चप्पल. कागदावरून पोर थेट आईकडे बघत होती, जाब विचारल्यासारखी. नईमाला भीती वाटली. तरी तिने नजर हटवली नाही.

"अम्मी, आते हाई कोनता पानवर मरी?"

नईमाने दाभण उचलले. त्याचे भोक काही दिसेना. ती तशीच दोरा ओवत राहिली.

"आजून नको," ती म्हणाली. "भांडू दे तिले."