डाव्या हाताचा नळ

मित्रांनो, मी कोण हे सांगताना हल्ली माझी पंचाईत होते. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत, तर छाती पुढे काढून सांगितलं असतं की मी एक जुना कॅरमबोर्ड आहे. आता माझ्या अंगावर वाफेच्या इंजिनांचं एक अख्खं शेड उभं आहे. रूळ आहेत, कोळशाचा ढीग आहे, राखेचा खड्डा आहे, आणि जिथे पूर्वी राणी बसायची तिथे इंजिन फिरवायचं गोल चाक आहे. कोपऱ्यांतली चार भोकं मात्र अजून जागच्या जागी आहेत. त्यांवरून मला ओळखा.

आधीच सांगून ठेवतो, मी स्वभावाने काळजीखोर आहे. उमेदीची सगळी वर्षं ज्याच्या अंगावर स्ट्रायकर आपटले, तो दुसरा कसा असणार?

रविवार पेठेतल्या एका सुताराने मला घडवलं. जाड प्लायवूड आणि शिसवी चौकट. पॉलिश वाळत होतं तेव्हा मला वाटायचं, आपण एखाद्या शांत दिवाणखान्यात जाऊ. गेलो ते थेट रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये, कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीत. बाहेर काळीकुट्ट इंजिनं दिवसभर फुसफुसायची. कोळशाच्या भुकटीने माझ्या पांढऱ्या सोंगट्या इतक्या काळवंडल्या की मारण्याआधी विचारावं लागे, ही कोणाची? तरी लोक म्हणायचे, असा गुळगुळीत बोर्ड अख्ख्या लाइनीवर नाही. हे ऐकून मी सुखावायचो आणि लगेच काळजीत पडायचो, की आता दृष्ट लागणार.

त्या खोलीत एक जोडी कधी हरायची नाही. युसूफ हा फायरमन, म्हणजे इंजिनच्या भट्टीत कोळसा टाकणारा. दत्तोबा हा फिटर, म्हणजे शेडच्या आत इंजिनखालच्या खड्ड्यात उतरून दुरुस्ती करणारा. तो हिंजवडीचा. तेव्हा हिंजवडीत नुसती शेतं होती आणि हा गडी तिथून सायकलवर यायचा. कॅरममध्ये जोडीदार समोरासमोर बसतात, तसे हे दोघे अकरा वर्षं माझ्या दोन बाजूंना बसले.

खेळ संपला की मला खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवत. तिथून शेडचं दार आणि दाराशेजारचा पाण्याचा नळ दिसे. नळ म्हणजे तुमच्या मोरीतला नव्हे. दोन पुरुष उंचीचा लोखंडी खांब आणि त्यावर फिरणारी आडवी नळी. इंजिन येऊन उभं राहिलं की फायरमन ती नळी फिरवून टाकीत पाणी सोडायचा. हा नळ नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

मग वाफेची इंजिनं बंद झाली आणि शेड पाडलं. युसूफने मला नाना पेठेतल्या घरी आणलं, आणि मी कपाटामागे गेलो. तीसेक वर्षं तिथेच होतो. वर्षातून एकदा युसूफची बायको नसीमबानू मला बाहेर काढून माझ्यावर शेवया वाळत घालायची. मला आधी त्याचा अपमान वाटे. पुढे पुढे तर, या वर्षी शेवया विकतच्या आणल्या तर आपलं काय होणार, याचीही धास्ती वाटू लागली.

युसूफच्या मुलीची मुलगी रुमाना हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला लागली आणि आजी-आजोबांकडे राहायला आली. एका सुट्टीच्या दिवशी तिने विचारलं, "नाना, तुमचं ते शेड कसं दिसायचं?" दोघांनी तासभर फोनवर शोधलं. एकही फोटो सापडला नाही.

"फोटो नसेना का," युसूफ म्हणाला. "माझ्या डोक्यात आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने मला कपाटामागून ओढून काढलं आणि टेबलावर आडवं केलं. घरात सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला छंद लागला. खरं कारण त्याने फक्त मला सांगितलं, नसीमबानू भाजीला गेलेली असताना, माझ्यावरची धूळ पुसता पुसता.

"माझे थोरले भाऊ, कासिमभाई, शेवटी स्वतःच्या मुलालाच विचारायचे, आपण कोण म्हणून. परवा मी आपल्याच इमारतीचा जिना विसरलो. शेजारच्या जिन्याने तीन मजले चढलो आणि परक्या दाराला किल्ली लावत बसलो." त्याचा हात थांबला. "शेड जसंच्या तसं उभं करता आलं, तर डोकं शाबूत आहे. नाही आलं, तर कळेलच."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. कॅरमबोर्डावर अशी परीक्षा कोणी ठेवतं का?

कामाची सुरुवात माझ्या काळजातूनच झाली. मधलं वर्तुळ त्याने बारीक करवतीने कापून काढलं आणि तिथे इंजिन फिरवायचं चाक बसवलं. कापताना मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण चाक असं चपखल बसलं की मलाच नवल वाटलं. बिस्किटाच्या पत्र्याचं छप्पर झालं, आइस्क्रीमच्या काड्यांच्या भिंती झाल्या. तळहातावर मावेल असं विजेवर चालणारं इंजिन आणि रूळ रुमानाने मागवले. शेडचं दार युसूफने आपल्या खुर्चीच्या बाजूला ठेवलं, म्हणजे बसल्या जागेवरून आत बघता यावं. खरा कोळसा इस्त्रीवाल्याकडून आला आणि तो कुटायला स्वयंपाकघरातून खलबत्ता आला.

"लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली," नसीमबानू म्हणाली. "माझ्या खलबत्त्यात कोळसा कुटायचा तेवढा राहिला होता. कुटा, अहो कुटा. उद्या वेलची घातलेला चहा इंजिनलाच पाजा."

शेवटी उरला नळ. युसूफने बॉलपेनच्या नळकांडीचा सुरेख खांब केला होता. खात्रीसाठी त्याने दत्तोबाला फोन लावला.

"नळ डाव्या हाताला होता ना रे?"

"डाव्याच. त्यात काय इचारायचं?"

युसूफने समाधानाने फोन ठेवला, गिरमिट घेतलं आणि शेडच्या दाराशी आपल्या डाव्या हाताला भोक पाडायला सुरुवात केली. माझी तर बोबडीच वळली. मी तो नळ अकरा वर्षं खिडकीतून पाहिला होता. तो दुसऱ्या बाजूला होता! पण बोर्डाला तोंड नसतं. भोक आरपार पडलं आणि नळ घट्ट चिकटवला गेला.

पुढच्या गुरुवारी दत्तोबा आला. आता तोही काठी टेकत चालतो. माझ्यावरचं शेड पाहून त्याचे डोळे भरून आले. त्याने राखेचा खड्डा पाहिला, तो काम करायचा तो खड्डा पाहिला. मग त्याची नजर नळावर गेली.

"ह्यो चुकलाय. नळ त्या अंगाला हाय."

"तूच फोनवर डावा म्हणालास."

"डावाच हाय. तू उजवा लावलाय."

"हा माझा डावा हात आहे, दत्तोबा! लहान मुलाला शिकवतात तसं मला शिकवू नकोस."

"मी तितं रोज हुबा ऱ्हायलोय, युसूफ. तुला आता आठवंना झालंय."

दत्तोबाला बिचाऱ्याला काय माहीत! तो आपला रागाच्या भरात बोलून गेला. पण युसूफचा चेहरा पांढराफटक पडला. "तू जा," एवढंच तो म्हणाला. दत्तोबा अर्धा चहा टाकून निघून गेला.

नंतरचे दिवस आठवले तरी माझ्या फळ्या आकसतात. युसूफने माझ्यावर चादर टाकली. चादरीवर आधी वर्तमानपत्रं आली, मग न घडी केलेले कपडे. युसूफ एकटा खाली दुकानातही जाईना. जिना उतरण्याआधी दारावरची पाटी वाचून बघायचा. एका सकाळी तो नसीमबानूला म्हणाला, "भंगारवाला आला की हे देऊन टाक." तिने चादरीवरचे कपडे उचलले आणि घड्या घालत बसली. नेहमी टोमणा मारणारं माणूस गप्प बसलं, की समजावं काहीतरी फार बिनसलंय. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की मी चादरीखाली गारठून जायचो. पण खरं सांगू? मला माझ्यापेक्षा युसूफची भीती जास्त वाटत होती. कारण मलाही वाटू लागलं होतं की तो खरोखरच विसरला.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी रुमाना दत्तोबाला घेऊनच आली.

"मी भांडाय आलो न्हाई," दत्तोबा दारातूनच म्हणाला. "पोरगी म्हनली, इंजिन चालवून दावते."

युसूफ खुर्चीतून उठला नाही. दत्तोबा येऊन समोर बसला, शेडच्या मागच्या बाजूला. ते दोघे पुन्हा माझ्या दोन बाजूंना बसले होते. रुमानाने चादर काढली, इंजिन रुळावर ठेवलं आणि कळ फिरवली. इंजिन धुराडं पुढे करून ऐटीत शेडकडे निघालं.

"अगं, थांब!" दोघे म्हातारे एकदम ओरडले.

"काय झालं?"

"असं नाक खुपसून आत जायचं नसतं," युसूफ म्हणाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "आधी चाकावर फिरवायचं. मग उलटं आत घ्यायचं. धुराडं बाहेरच्या बाजूला. म्हणजे पुन्हा निघताना सरळ बाहेर."

"ओके, रिव्हर्स पार्किंग," रुमाना म्हणाली.

युसूफने स्वतःच्या हाताने चाक फिरवलं. इंजिन मागे मागे जात शेडमध्ये शिरलं आणि थांबलं. त्याचं धुराडं आता युसूफकडे होतं. युसूफ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली. इंजिनच्या मागे, त्याच्याकडेच तोंड करून, दत्तोबा बसला होता.

"दत्तोबा, डावा हात वर कर."

दत्तोबाने केला. तो हात युसूफच्या उजव्या बाजूला होता.

"या अल्लाह!" युसूफने कपाळावर हात मारला. "इंजिनवर डावं म्हणजे धुराड्याकडे तोंड करून डावं. आणि धुराडं तर बाहेरच्या बाजूला, शेडच्या आतून तू बघायचास तसंच! अरे, मी इंजिनवर उभा राहून आठवलं आणि खुर्चीत बसून भोक पाडलं!"

दत्तोबाला समजायला जरा वेळ लागला. मग तो हळूच म्हणाला, "म्हंजे तू इसरला न्हाईस."

"नाही," युसूफ म्हणाला. पुन्हा म्हणाला, "नाही विसरलो." आणि तो रडू लागला. दत्तोबा काठी विसरून टेबलाला वळसा घालून गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. "माजंच चुकलं," म्हणाला. "तोंडाला येईल ते बोललो." नसीमबानू स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोघांकडे बघून म्हणाली, "आता तरी चहा पुरता पिऊन जा, दत्तोबा," आणि डोळे पुसत आत गेली.

त्याच दिवशी गिरमिटाने माझ्यात दुसरं भोक पाडलं. दत्तोबाने मला घट्ट धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला भोक पाडून घेताना भीती वाटली नाही. रुमाना जुनं भोक लांबी भरून बुजवणार होती, पण युसूफ म्हणाला, "राहू दे."

आता सगळं ठीक झालं असं तुम्ही म्हणाल. मी म्हणणार नाही. युसूफ अजूनही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. मागच्या महिन्यात त्याने रुमानाला तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. नळाचं कोडं सुटलं, म्हणून बाकीची भीती खोटी ठरत नाही.

रोज सकाळी तो माझ्यासमोर बसतो, इंजिन चाकावर फिरवतो, उलटं आत घेतो आणि स्वतःलाच विचारतो, "नळ कुठे?" मग एक बोट जुन्या रिकाम्या भोकावर टेकवून हसतो आणि दुसरा हात नळाकडे नेतो. परवा तो हात मध्येच थांबला. बराच वेळ हवेतच होता. माझ्या अंगावरचा कोळशाचा कणही हलला नसेल. मग हात सावकाश नळापाशी गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस असं मध्येच थांबलं, तर लगेच चुकलं म्हणू नका. ते कुठे उभं राहून आठवतंय, ते आधी विचारा. त्याच्या समोर जाऊन बसा. मला सगळं दिसतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं.