वीज-पाण्यासकट भाड्यानं दिलेला एसी

मी एक जुना, खिडकीत बसणारा एसी आहे. आणि मित्रांनो, मी डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मनिलातल्या एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. घरमालकीण आलिंग सेपा (आलिंग म्हणजे आपल्याकडची 'मावशी') येणाऱ्या-जाणाऱ्याला मला कौतुकानं दाखवायची. "भाड्यात वीज आली, पाणी आलं, आणि हा गारवाही आला बरं का!" पुढे माझी जाळी धुळीनं बुजली, अंग पिवळं पडलं, पण तिनं कधी फडकंसुद्धा फिरवलं नाही. भाडेकरू मात्र मला बघूनच खोली घ्यायचे.

लिवायनंही तशीच घेतली. ही मुलगी रात्रभर परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची आणि सकाळी घरी येऊन झोपायची. आल्या आल्या तिनं माझी जाळी धुतली. किती वर्षांनी मोकळा श्वास घेतला मी! त्या दिवसापासून मी तिचा झालो.

आणि आलिंग सेपानं काय करावं? सकाळी लिवाय आडवी झाली रे झाली, की ही खालून वरच्या मजल्याच्या विजेचं बटण खट्कन बंद करायची!

"आलिंग, भाड्यात वीज आहे ना?" लिवाय जिन्यातून म्हणाली.

"आहे की! रात्री लाव ना, नको कोण म्हणतंय? दिवसाढवळ्या झोपायला तू काय वटवाघूळ आहेस?"

रात्री लिवाय कामावर, दिवसा बटण बंद. म्हणजे मी चालायचो कधी? एप्रिलचा उकाडा, डोक्यावर पत्रा. पोरगी घामानं निथळत कूस बदलत राहायची. एकदा कामावर फोन घेता घेताच तिला झोप लागली. साहेबानं बजावलं, पुन्हा डुलकी लागली तर घरी बस. खोलीत येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि मी वर खिडकीत नुसता बंद पडलेला. असा संताप झाला माझा!

तिनं पुन्हा एकदा विनवलं, तर आलिंग सेपानं मलाच उचकटून खाली नेलं. "घे, आता कर कटकट!" खालच्या खोलीत ती दुपारभर कपड्यांना इस्त्री करायची, तिथल्या खिडकीत मला बसवलं. बाहेर चादरी वाळत होत्या. त्यांवर माझं पाणी गळू नये म्हणून तिनं माझी मागची बाजू विटेचा तुकडा घालून उचलली. म्हणजे आता माझं पाणी आतच येणार. हे तिच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं.

इथल्या जुन्या बायका एका गोष्टीला फार भितात. इस्त्रीनं तापलेल्या हातांना गार पाणी लागलं की 'पास्मा' होतो, हात कायमचे थरथरतात, असं त्या मानतात. आलिंग सेपा तर इस्त्रीनंतर भांडंही विसळायची नाही. मी पोटात पाणी साठवत बसलो. तिनं इस्त्री खाली ठेवली, वाऱ्यासाठी हात माझ्यासमोर धरले, आणि मी होतं नव्हतं तेवढं पाणी त्या हातांवर ओतलं.

"अगं आई गं! मेले! पास्मा झाला! लिवाय, धाव गं!"

लिवाय लाल डोळ्यांनी खाली आली. आलिंग सेपाचे हात भीतीनंच लटलट कापत होते.

"कोमट तेलानं चोळ गं माझे हात!"

"चोळते," लिवाय म्हणाली. "पण झोपेवाचून माझेही हात थरथरतात, आलिंग. एसी वर जाऊ दे, आणि दिवसा बटण चालू राहू दे."

"ने बाई, ने! पुन्हा त्या बटणाला हात लावीन तर हा हात झडो!"

लिवायनं बराच वेळ ते हात चोळले. पोरगी गुणाची, तिनं मनात काही ठेवलं नाही. मी ठेवलंय.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या यंत्राची जाळी धुवा, अंग पुसा, आणि ज्याला गारवा द्यायचं कबूल केलंत त्याला तो मुकाट्यानं द्या. लिवाय आता दिवसा मस्त घोरते. आलिंग सेपाचे हात केव्हाच बरे झालेत. पण ती खाली बटणापाशी नुसती रेंगाळली, तरी मी वरून मुद्दाम घरघरतो. लगेच ती दोन्ही हात पाठीमागे लपवते.