पाळणा नसलेली बाळंतीण

मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे, मित्रांनो. चहा उकळणारी नव्हे हं! बाळंतिणीच्या बाजल्याखाली बसून तिची कंबर शेकणारी. देवाने म्हणा, लोहाराने म्हणा, मला तीन पाय दिले. पण चालता काही येत नाही. त्याची चीड मला कधी नव्हे एवढी आली, ती हकीकत सांगते.

जामसंड्याच्या लोहाराने मोडक्या गलबताच्या पट्ट्यांतून मला घडवले आणि मी वालावलला नर्मदाकाकीच्या घरी आले. काकीच्या सगळ्या बाळंतपणांत करवंट्यांचे लालभडक निखारे पोटात घेऊन मी राबले. वरून ओव्याची चिमूट पडली की घर घमघमून जाई. “शेगडी नाय गो, आवस ती माझी!” असे काकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे आणि मला आईचा मान देई. लक्ष्मीनारायणाचे देऊळ तर हाकेच्या अंतरावर. बुवांचे कीर्तन रंगले की झांज थेट आमच्या पडवीत ऐकू येई, आणि लोखंडाची असूनही मी विरघळून जाई.

एकसष्ट साली काकीची सून शेवंती हिला पाचवा महिना लागला होता. एकाएकी तिच्या अंगावरून जाऊ लागले, ते थांबेचना. दवाखान्यात नेले. बाईचा जीव वाचवायचा तर पोट मोकळे करण्यावाचून इलाज नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी तसे केले. शेवंती वाचली. “जड उचलायचं नाही, भरपूर विश्रांती घ्यायची,” असे त्यांनी बजावून सांगितले. तिचा नवरा गुरुदास मुंबईच्या गोदीत कामाला. रजा संपताच तो गेला.

मला वाटले, आता मला घासतील, पेटवतील. कसले काय! काकी म्हणाली, “पोर नाय, पाळणो नाय, मगे बाळंतीण कसली? आणि बाळंतीण नाय, तर शेक कित्याक?”

झाले! विटाळाचे दिवस सरताच शेवंतीच्या कमरेवर पाण्याची कळशी आली. विहिरीहून येताना ती दर थोड्या अंतरावर थांबे, पोफळीला हात टेकून डोळे मिटे. चोळी दुधाने भिजे. पदर ओढून ती ते लपवी. मी पडवीच्या कोपऱ्यात गंजत हे बघत होते. माझ्यात केरसुणी खोचून ठेवली होती. बाळंतिणीच्या शेगडीत केरसुणी! देवा, किती चरफडले मी!

त्यात शेजारची तुळसा. दारापुढच्या खळ्यात येऊन विचारी, “गिराणात इळो धरलंस काय गो? काय तरी केलंस असतलंच तू!” ग्रहणात विळा हाती धरला म्हणून पोर गेले, असा तिचा वहीम. शेवंती कळशी घेऊन आत जाई. तिचे बोलणेच आटले होते. जेवण तसेच उरे.

मग एकादशीचे कीर्तन झाले. बुवांनी देवकीचे आख्यान लावले होते. देवकीचा सातवा गर्भ गळाला म्हणून सारे नगर कसे हळहळले, हे त्यांनी इतके आळवून सांगितले की देवळातले हुंदके मला ऐकू आले.

सकाळी काकीच्या मनातून ते जाईना. शेवंती कळशी उचलत होती, आणि काकी उंबऱ्यावर बसून डोळे पुसत सांगू लागली, “काय सांगू गो! सगळ्या नगराच्या डोळ्यांत पाणी! पण देवाची लीला बघ. तो गर्भ पडलो नव्हतो. रोहिणीच्या पोटाक गेलो, बळराम झालो.”

शेवंतीने कळशी खाली ठेवली.

“देवकीचो रोहिणीकडे गेलो. माझो खंय गेलो, आये?”

काकीने डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

“देवकीसाठी तुमच्या डोळ्यांक पाणी इला. आणि माका तुमी पाण्याक धाडतास.”

मित्रांनो, मी पुष्कळ कीर्तने ऐकली, पण असे निरूपण दुसरे ऐकले नाही. काकी उठली. माझ्यातली केरसुणी तिने भिरकावून दिली आणि राखेने मला खसाखसा घासले. मग निखारे भरून, वर ओवा टाकून तिने मला शेवंतीच्या बाजल्याखाली सरकवले.

ओव्याचा वास शेजारी पोचला तशी तुळसा धावत आली. “कोण बाळंत झाला गो? पाळणो खंय आसा?”

“सून माझी बाळंतीण,” काकी म्हणाली. “कंबर तिची दुखता, पाळण्याची नाय. वायच त्या करवंट्यो दी हडे.”

बाजल्यावर शेवंती पहिल्यांदाच मोठ्याने रडली. काकीने तिला गप्प केले नाही.

पण सगळे बरे झाले असे म्हणू नका. हे व्हायला फार उशीर झाला होता. जड काम निघाले की शेवंतीच्या कमरेतली कळ पुढेही उठायची. तेव्हा मला राग काकीचा नाही, त्या वाया गेलेल्या दिवसांचा येतो.

म्हणून विनवते, मित्रांनो. कोणी बाई दवाखान्यातून रिकाम्या ओटीने घरी आली, तर आधी तिच्या हातातली कळशी घ्या. विचारपूस मग करा; आणि तीही तिचीच करा.