डावीकडे बसलेली सिंधुबाई

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते साडेबारा, एवढीच विमलाची हॉस्पिटलातली नोकरी. बाकीचे दिवस ती नाशिकरोडच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. बंगलोरला दोन वर्षं घासून तिनं हे शिक्षण घेतलं होतं, पण त्र्याऐंशी साली नाशकात त्याचं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला पक्षाघाताच्या वॉर्डात बोलावलं. "हातापायांचं व्यायामवाले बघतील, डोक्याचं तुम्ही बघा," असं ते म्हणाले आणि त्या दिवसापासून वॉर्डातल्या आया तिला 'डोक्याच्या बाई' म्हणायला लागल्या. विमलाला ते मनातून आवडायचं. वडील प्रेसमध्ये कामगार, घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिलीच. माणसाच्या मनातलं आपल्याला चटकन कळतं, असा तिचा स्वतःबद्दल समज होता. त्या समजाला कुणी धक्का लावलेला तिला खपत नसे.

पाच नंबरच्या खाटेवर रंगनाथ होता. निफाडकडचा, साखर कारखान्यात फिटर, वय पंचेचाळीस. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीव वाचला, वाचा शाबूत राहिली, पण डावा हात आणि पाय लुळे पडले. विमला त्याच्या उजवीकडे, वॉर्डाच्या वाटेवर खुर्ची टाकून बसायची आणि त्याची परीक्षा घ्यायची. आकडे उलटे म्हणा, मागच्या वर्षी पाऊस कसा झाला ते सांगा, यंत्राचे भाग सांगा. रंगनाथ सगळं घडाघडा सांगायचा. कागदावर चित्रं काढायच्या परीक्षा तेवढ्या राहिल्या होत्या, कारण त्याचा चष्मा गावी राहिला होता. बोलतोय इतकं नीट, तर कागद कशाला हवा, असं म्हणून विमलानं त्या पुढे ढकलल्या होत्या.

अडचण होती ती त्याच्या बायकोची. सिंधुबाई दिवसभर खाटेच्या डावीकडे, भिंतीलगत खाली बसून त्याचा लुळा हात आणि पाय तेल लावून चोळत असे. व्यायामवाल्यांनी तसं सांगितलंच होतं. उजवीकडच्या स्टुलावर रंगनाथची थोरली बहीण लंकाबाई. ती सिन्नरहून आलेली, मानाची, म्हणून स्टूल तिचं. आणि रंगनाथ सगळं बोलायचा ते तिच्याशीच. बायकोकडे तो ढुंकूनही बघत नसे.

"ताई, मी विचारते, 'पाणी देऊ का?' तर हे आक्कांकडं बघून म्हणत्यात, 'दे,'" सिंधुबाई पदर डोळ्याला लावून विमलाला म्हणाली होती. "मी काय मेलेय का? भाच्याच्या हळदीला इंचूरला गेले, हे नको म्हणत असताना गेले. त्याच दिवशी हे पडले. तोच राग धरलाय."

विमलानं खात्री करून घ्यायची म्हणून दोघींना बाहेर पाठवून रंगनाथला बायकोबद्दल विचारलं. "तिचं नाव नका काढू, बाई," एवढंच तो बोलला. झालं! विमलानं फाईलमध्ये लिहून टाकलं: पत्नीविषयी तीव्र राग. सिंधुबाईला तिनं समजावलं, की त्यांचा राग निवळायला वेळ द्या, आपण होऊन जास्त बोलू नका. बिचारीनं ते ऐकलं, तोंडाला कुलूप घातलं आणि आणखी जोरानं तेल चोळायला लागली.

त्या शुक्रवारी गोष्ट हातघाईवर आली. "डोळ्यासमोर नको असलेलं माणूस कशाला जवळ ठेवायचं? त्याचं रगत चढतं," असं लंकाबाईनं सरळ सांगून टाकलं होतं. सिंधुबाईचा भाऊ धोंडीराम तिला माहेरी न्यायला दुपारच्या एसटीनं येणार होता. पिशवी भरून तयार होती. आज ती गेली, की गावात 'नवऱ्यानं टाकली' असंच म्हणणार आणि मग तिला परत कोण आणणार? आपला सल्ला इथवर येऊन पोचला! साडेबारा वाजले तरी विमला निघाली नाही. भावाशी बोलून त्याला चार दिवस थांबवावं, एवढंच तिच्या हातात होतं.

म्हणून तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच वॉर्डातलं जेवण पाहिलं.

लंकाबाईनं ताट मांडलं, अगदी रीतीप्रमाणे. उजवीकडे वांग्याची भाजी आणि आमटी, मधोमध भाकरी, डावीकडे मीठ, शेंगदाण्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर. रंगनाथ उजव्या हातानं जेवू लागला. भाजी संपली, आमटी संपली, अर्धी भाकरी संपली. मग त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"आक्का, रोज हेच. आळणी जेवण, चटणी नाय, काय नाय. मिठाचा खडा तरी देत जा."

"पुढ्यात वाढलंय तरी बोंबलतोय!" लंकाबाई म्हणाली. "बघा बाई, लय चिडका झालाय."

विमला ताटाकडे बघतच राहिली. भाकरी मधोमध सुरीनं कापावी तशी अर्धी उरली होती, डावी अर्धी. ती पुढे झाली आणि काही न बोलता तिनं ताट फिरवलं. डावं उजवीकडे आलं.

"आत्ता आणलं व्हय?" म्हणत रंगनाथनं चटणीवर ताव मारला.

विमला खाटेला वळसा घालून भिंतीकडे गेली, सिंधुबाईशेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "रंगनाथराव, कोशिंबीर कशी झालीय?"

"बेस हाय, बाई," रंगनाथ लंकाबाईकडे तोंड करून म्हणाला.

विमलानं कपाळावर हात मारून घेतला. पुस्तकात दहादा वाचलेलं, परीक्षेत पानभर लिहिलेलं! मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की काही माणसांना डावी बाजूच उरत नाही. डोळे धड, कान धड, पण लक्ष तिकडे वळतच नाही. आणि ती शहाणी तीन आठवडे उजवीकडे खुर्ची टाकून त्याच्या मनातला राग शोधत बसली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्याच क्षणी इतकं हलकं वाटलं, की हसू आवरेना.

"सिंधुबाई, उठा. ते रागावलेले नाहीत. तुम्ही बसता ती बाजू त्यांना कळतच नाही."

"आन् एवढं चोळलं ते?"

"तेही त्यांना ठाऊक नाही. शिकवू आपण. हळूहळू पुष्कळ सुधारतं. लंकाबाई, जरा स्टूल द्या बघू."

लंकाबाई कुरकुरली, पण उठली. सिंधुबाईचे हात तेलकट होते, ते तिनं पदराला पुसले आणि खाटेला वळसा घालून ती भीत भीत स्टुलाच्या कडेला टेकली. रंगनाथचा घास हातातच राहिला. तो तिच्याकडे बघत राहिला.

"कव्हा आली?"

सिंधुबाईनं ताट त्याच्या आणखी जवळ सरकवलं.

"तुझा आवाज आल्यागत वाटायचं, मी रोज आक्काच्या मागं बघायचो," तो म्हणाला. "म्हनलं, नको म्हनलं तरी गेली, आता नवरा लुळा झाल्यावर कशाला येतीया. विचारायची पन लाज वाटायची."

"अवो, मी हितंच होते," ती कशीबशी म्हणाली. "एक दिस हलले नाय."

लंकाबाईनं तोंड फिरवलं आणि नाक शिंकरलं. विमलाचा जीव भांड्यात पडला. खिडकीशी जाऊन तिनं डोळे कोरडे केले.

धोंडीराम आला तेव्हा दीड वाजून गेला होता. दारातूनच त्यानं पिशवी उचलली. "चल, सिंधू. दोनची गाडी हाय."

सिंधुबाई नवऱ्याला उरलेली अर्धी भाकरी मोडून देत होती. तिनं मान वर केली नाही.

"तू जा, दादा," ती म्हणाली. "त्यांनी मला आत्ताच पाह्यलंय."