तिसरी हाक

"तिन्हीसांजेले कोणी हाक मारली तं ओ नोको देऊ, छाये. तिसरी हाक येऊ दे. जे आपलं नसते ना, ते दोनदाच हाक मारते."

धुरपता आत्याचा हा आवाज छायाच्या कानात पुन्हा उमटला, तेव्हा तिचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते आणि खिडकीला टांगलेल्या पिशवीत फोन वाजत होता.

त्यांच्या फोनवर बोलणं धड ऐकू यायचं ते फक्त त्या एका खिडकीत; घरात इतर कुठे तो नुसता वाजायचा. म्हणून चंद्रभानने जुन्या पँटच्या कापडाची पिशवी शिवून घेऊन ती गजाला बांधली होती. पूर्वी त्याच गजाला कंदील लटकायचा, आता फोन लटकत असे. वाजला की घरातलं माणूस खिडकीशी जायचं आणि गजाला कपाळ टेकून बोलायचं. बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, आतलं माणूस वाऱ्याशीच बोलतंय.

छायाने एक हात पदराला पुसला. फोनवर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तिने बोटाच्या मागच्या बाजूने हिरवं बटण सरकवलं आणि काहीच बोलली नाही. महिनाभरापासून त्यांच्या आळीत फोन उचलून आधी कोणी बोलत नसे.

"आई."

छायाने गजाला कपाळ टेकलं.

"आई, मी आहो."

मयुरीचाच आवाज. शब्दाच्या शेवटी जरासा खाली वाकणारा, लहानपणी ताप असताना यायचा तसा. मागे कुठेतरी एका गाडीचा हॉर्न वाजला. छायाने ओठ घट्ट मिटले. फोनच्या काचेवर पिठाचा ठसा उमटला होता. त्या ठशावरच बोट ठेवून तिने फोन बंद केला.

आत्याचा तो इशारा तिला उगाच आठवला नव्हता. गिरडच्या माहेरी, टेकडीवर दर्ग्याचे दिवे लागायच्या वेळेला, आठ-नऊ वर्षांची छाया अंगणात गोवऱ्या गोळा करत होती. चिंचेकडून आईने हाक मारली, "छाया." पुन्हा मारली, "छाया." ती टोपली टाकून निघाली, तोच स्वयंपाकघरातून भाकर थापल्याचा आवाज आला. आई आत होती. आईचा आवाज बाहेर होता. पोर दोन्हींच्या मधोमध उभी राहिली. आत्याने तिला दंडाला धरून आत ओढलं आणि चुलीपुढे बसवलं. त्या दिवशी तिसरी हाक आलीच नाही.

पुढे लग्न झालं, आंजीला सासरी आली, मयुरी झाली, मयुरीचंही लग्न झालं. चिंचेची गोष्ट मागे राहिली असं तिला वाटत होतं. पण महिन्याभरापूर्वी शेजारच्या अनुसयाबाईला तिच्या मुलाचा फोन आला. आई, मले पोलिसांनी धरलं, म्हणून मुलगा हुंदके देत होता. म्हातारीने घरातले होते नव्हते ते पैसे सांगितलेल्या ठिकाणी पाठवून दिले. संध्याकाळी मुलगा ड्यूटीवरून घरी येऊन चहा मागू लागला. फोनवर रडला तो कोण, हे अजून कोणाला कळलं नव्हतं. आवाज मात्र त्याचाच होता, हे अनुसयाबाई शपथेवर सांगत होती. आता ती मुलगा समोर बसून बोलला तरी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची, ओठ हलतात की नाही ते.

चंद्रभान गोठ्यातून दुधाची कॅन घेऊन आत आला.

"कोनाचा फोन होता?"

"मयुरीचा आवाज होता."

"आवाज होता म्हंजे?"

"नंबर तिचा नव्हता."

त्याने कॅन खाली ठेवली. "मंग उचलला काऊन? आजकाल तं देव जरी बोलला तरी पहिले त्याले ओटीपी विचारा लागते."

छाया हसली नाही. "पण आवाज तिचाच होता हो."

"अनुसयाबाईले बी तिच्या पोराचाच वाटला ना? कुठून तरी चार शब्द उचलतात अन् मशीनीत टाकतात. तुमच्या त्या गाण्याचा व्हिडिओ फिरून राह्यला ना गावभर. त्यात दोघी मायलेकींचा आवाज आहे. आयतंच भेटलं त्यायले."

दिवाळीला मयुरी आली होती, तेव्हा दोघी कापूस वेचायला शेतात गेल्या होत्या. वेचता वेचता छायाने स्वतःच जोडलेली एक ओवी म्हटली होती:

बोरीच्या बनामधी, लेक थांबली एकली
हाक शिवारात गेली, आईनं का ऐकली?

मयुरीने ती फोनमध्ये धरून ठेवली. शेवटी तिचं हसणं होतं आणि "आई, अजून एकदा म्हण ना" असं म्हणणं होतं. तो व्हिडिओ कोणकोणाच्या फोनमध्ये गेला होता, देव जाणे. छायाला तेव्हा नवल वाटलं होतं. आता तिला वाटलं, आपला आवाज घराबाहेर काढायलाच नको होता. बाहेर ठेवलेली वस्तू कोण उचलून नेईल, काय सांगावं.

फोन पुन्हा वाजला. तोच नंबर.

"नोको उचलू," चंद्रभान म्हणाला.

पण तिचा हात आधीच पिशवीत गेला होता.

"आई, ठेवू नोको." आवाज घाईत होता. मग नुसता श्वास. मग, "तू घरीच आहे ना?"

छायाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. छायाच्या जिभेवर आलेला ओ तिथेच थांबला.

"आई, बोल ना. घरी कोन कोन आहे?"

चंद्रभानने तिच्या हातातून फोन घेतला. "कोन आहे बे तिकडे? घरी कोन आहे ते तुले कायले पाह्यजे? पुन्हा फोन केला तं सरळ पोलिसात देतो."

पलीकडून फोन बंद झाला.

चंद्रभानने दाराला कडी घातली. वर अडसरही लावला. एरवी जेवणं झाल्याशिवाय तो अडसर लावत नसे.

"घरी कोन आहे म्हणून विचारते," तो म्हणाला. "पाळत ठेवून आहे कोनी तरी."

छाया पुन्हा परातीपाशी बसली. पीठ वाळून हाताला ओढ बसत होती. तिने पाण्याचा हबका मारला, मळायला सुरुवात केली आणि थांबली.

"त्यानं काही मागितलं नाई."

"काय?"

"अनुसयाबाईले लगेच मागितलं होतं. यानं काहीच नाई मागितलं. नुसतं घरी आहे का, विचारलं."

चंद्रभानने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाला, "मयुरीच्या नंबरवर लावून पाहू. आत्ताच्या आत्ता खरंखोटं होते."

त्याने खिडकीशी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन छायापुढे धरला. नागपूरला मयुरीच्या फोनची घंटी बराच वेळ वाजली. मग फोन उचलला तो जावयाने, विवेकने.

"बोला मामी."

"जावईबापू, मयुरी आहे का?"

"आहे ना. आत झोपली आहे. डोकं दुखतं म्हणत होती." त्याचा आवाज नेहमीसारखा होता, मऊ आणि सावकाश. "उठवू का?"

"नोको, नोको. झोपू द्या."

"बरं." तो जरा थांबला. "काऊन मामी, तिचा काही फोनबिन आलता का तुमच्याकडे?"

प्रश्न साधाच होता. पण तिचा फोन तुमच्याच हातात आहे ना, असं छायाच्या मनात आलं. ओठांवर मात्र दुसरंच आलं.

"नाई. असाच लावला. सहज."

"ठीक आहे. आला तर सांगजा मले."

चंद्रभानने मोकळा श्वास घेतला. "पाहा. पोरगी घरी झोपली आहे. तो आवाज नकली. आता भाकर टाक, भूक लागली."

छायाने तवा ठेवला. भाकर थापताना तिची नजर समोरच्या खोलीकडे जात होती. तिथे अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस भरून ठेवला होता. अंधारात तो जरा उजेड धरून बसल्यासारखा दिसत होता.

दिवाळीतल्या एका दुपारी मयुरी त्याच ढिगापाशी बसली होती. तिचा फोन सारखा तिच्या हातात असे. न्हाणीत जाताना सुद्धा ती तो घेऊन जाई आणि आतून आवाज येई, हो, आहे, अंघोळीले आली. शेतात गेल्या त्या दिवशी त्या नाल्याकडच्या बांधाला, धुऱ्यावर, टेकल्या नाहीत तोच विवेकचा फोन आला होता, "नाल्याकडे काय करून राह्यली?" चंद्रभान हसला होता. म्हणाला होता, नागपुरात बसून जावयाले आपला नाला दिसते, किती काळजी पाहा. मयुरीसुद्धा हसली होती. तिच्या गालांना हसू आलं होतं, डोळ्यांना आलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग कोपरापर्यंत हात खुपसून फोन कापसाच्या ढिगात खोल दाबला, वरून कापूस सारखा केला आणि आईकडे वळली.

"आई, एक सांगू?"

तेवढ्यात कापसाच्या पोटात फोन वाजला. दबलेला, घुसमटल्यासारखा. मयुरीने दोन्ही हातांनी कापूस उपसला. "काही नाई. कापूस पाहून राह्यली होती," ती फोनवर म्हणाली. तिच्या केसांना सरकी चिकटली होती. छायाने ती काढली. पोरीला सांगायचं होतं ते तिथेच राहिलं.

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला. छायाने ती उलटली नाही. गॅस बंद केला.

"अहो."

"आता काय?"

"फोनवर मागून हॉर्न वाजला होता."

"बरं मंग?"

"एसटीचा होता. आपल्या स्टँडवर गाडी वळते तेव्हा असाच वाजवते ड्रायव्हर."

चंद्रभान काही बोलणार होता. त्याआधी अंगणातला कुत्रा उठल्याचा आवाज आला. तो भुंकला नाही. त्याने फक्त शेपूट दारावर आपटली, दोनदा.

"आई."

हाक दाराबाहेरून आली होती.

छाया उठली आणि जागीच उभी राहिली. मधल्या खोलीत, मधोमध. नागपूरच्या घरी मयुरी झोपली होती. आंजीच्या अंगणात मयुरीचा आवाज होता. चिंचेकडून आलेली ती हाक इतक्या वर्षांनी दारापर्यंत पोचली होती आणि या वेळी दंडाला धरून आत ओढायला आत्या नव्हती. पण ही तिसरी होती.

"ओ," छाया म्हणाली.

मग तिने अडसर काढला. चंद्रभानने तिला अडवलं नाही.

पायरीवर मयुरी उभी होती. अंगावर घरातलाच ड्रेस, त्यावर कोणाचा तरी वाटेल तसा गुंडाळलेला स्कार्फ, चपला काळ्या मातीने भरलेल्या. मधल्या शेतातून आली होती, रस्त्याने नाही. हातात काही नव्हतं. आत पाऊल टाकायच्या आधी तिने आईच्या खांद्यावरून घरात पाहिलं.

"ते आले तं नाई ना इथं?"

"नाई. कोणी नाई आलं."

"स्टँडवरच्या चहावाल्याच्या फोनवरून लावला होता," ती म्हणाली. "माहा फोन तिथंच उशाखाली ठेवून आली. म्हंजे त्यायले मी घरीच दिसन."

चंद्रभान पुढे झाला. "बाई, तो मी…" एवढंच तो म्हणाला आणि खाली पाहू लागला. पोलिसात देतो म्हणालेलं तोंड त्याला कुठे ठेवावं कळत नव्हतं. त्याने लोट्यात पाणी भरून तिच्यापुढे धरलं. मयुरीने लोटा दोन्ही हातांत घेतला, पण प्यायली नाही.

खिडकीतली पिशवी उजळली. फोन वाजू लागला.

छायाने तो बाहेर काढला. काचेवर मयुरीचा लग्नातला फोटो होता, हसरा, कपाळावर मुंडावळ्या, खाली ठळक अक्षरांत मयुरी. मयुरी तिच्यासमोर भिंतीला टेकून उभी होती आणि पाण्याचा लोटा छातीशी धरून फोटोकडे बघत होती.

छायाने फोन बंद केला नाही, उचललाही नाही. समोरच्या खोलीत जाऊन तिने खांद्यापर्यंत हात कापसात खुपसला, फोन तळाशी सोडला आणि वरून ओंजळीने कापूस सारला. आत तो वाजत राहिला, विहिरीत पडलेल्या भांड्यासारखा, खोल आणि दूर. ती परत आली. पोरीच्या हातातून लोटा घेतला, खाली ठेवला. तिच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली.

"दिवाळीत काय सांगत होती?" तिने विचारलं. "सांग आता."

कापसात फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. मयुरीने त्या आवाजाच्या दिशेने एकदा पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे.

"आई," ती म्हणाली, "मले त्यायचं भेव वाटते."