ढगोबा जमिनीवर

"ढगोबा, झोपलास काय रे? तुळई कधीची बांधून ठेवलीय!" वायरलेसमधून मुकादम खेकसला.

ढगोबा झोपला नव्हता. क्रेनच्या केबिनमध्ये पोट दोन्ही हातांनी दाबून तो कळ ओसरायची वाट बघत होता. खाली धुकं होतं. अर्धवट इमारत, रस्ता, मुकादम, सगळं त्यात विरघळलं होतं. वर फक्त तो, कोवळं ऊन आणि वाऱ्यावर पाळण्यासारखी हलणारी केबिन. पाखरं उडायची ती त्याच्या पायाखालून. निम्मं आयुष्य इथे गेलं होतं. उरलेलंही इथेच जावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

पण पोट ऐकत नव्हतं. दिवसचे दिवस साफ व्हायचं नाही, फुगून दगड व्हायचं. शिडी चढण्या-उतरण्यात फार वेळ मोडतो, म्हणून वर पाणी प्यायचं नाही, हा त्याचा जुना नेम. सकाळी घाईघाईने चहा पिऊन तो वर पोचला, की नेमकी तेव्हाच पोटाची हाक येई. तो ती दाबून टाकी. दाबता दाबता पोटाने हाक मारणंच सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचे कागद बाजूला ठेवले. "गाठ नाही, जखम नाही. आतडी रुसलीत तुमची."

"मग समजूत काढणारं औषध द्या की."

"देते. पण खरी समजूत तुम्हीच काढायची. सकाळी जरा लवकर उठा. पायाखाली छोटं स्टूल घेऊन निवांत बसा. दिवसभर घोट घोट पाणी प्या. ओट्स, जवस, फळं हळूहळू वाढवा, एकदम मारा केलात तर आणखी फुगाल. रोज चाला. आणि हाक आली की उठायचं, हातातलं काम ठेवून."

शेवटचं वाक्य ऐकून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

त्याने रजा काढली. बायकोने पथ्य मनावर घेतलं.

"अहो, ग्लास अजून भरलेलाच? मी काय तुमची मुकादम आहे, सारखं ओरडायला?"

"मुकादम परवडला. त्याचा वायरलेस बंद तरी करता येतो."

सकाळी दोघं चालायला जात. इतकी वर्षं वरून पाहिलेलं धुकं तो आता आतून बघत होता. झाडं एकेक करून पुढे येत, जणू कुणी ती आत्ताच चितारत होतं. पोट मध्येच पुन्हा रुसे, पण हळूहळू बोलू लागलं होतं.

रजा संपली. तो पुन्हा वर गेला, आणि पोटाचा पुन्हा दगड झाला. सोबत नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच खाली येई.

एका सकाळी हाक आली तेव्हा हुकाला तुळई लटकत होती. ढगोबाने ती अलगद खाली टेकवली, क्रेन बंद केली आणि शिडी उतरला.

तो परतला तेव्हा मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. "अरे, सगळे खोळंबलेत तुझ्यापायी!"

"आता हे रोजचंच. मला खाली काम दे."

मुकादमाचा आवाज एकदम उतरला. "वरचं सोडतोस? तू?"

"सोडतो," ढगोबा म्हणाला. वर मात्र त्याने पाहिलं नाही.

आता तो जमिनीवर उभा राहून क्रेनला हाताने खुणा देतो. केबिनमध्ये नवी बाई बसते, मोठी हुशार. पहिल्या संध्याकाळी ती उतरली तेव्हा तिच्या हातातली बाटली भरलेलीच होती. ढगोबाला ती बाटली चांगलीच ओळखीची वाटली.

दुसऱ्या सकाळी धुकं विरत आल्यावर त्याने मूठ वळून अंगठा तोंडाकडे नेला.

"काका, ही कुठली खूण?" वायरलेसमधून तिने विचारलं.

"पाणी पी. आणि उतरावंसं वाटलं तर खुशाल उतर. आम्ही थांबतो."

"आणि मुकादम?"

"त्याला मी बघतो."

मग वर काचेआड काहीतरी चमकलं.

"प्यायले, काका." ती हळूच म्हणाली, "काका, इथे पाखरं माझ्या पायाखालून उडतात!"

"हो," ढगोबा म्हणाला. "उडतात."

आपल्या बाटलीतला एक घोट घेऊन त्याने पुढच्या तुळईसाठी हात वर केला.